पालकाची सही

“नाही म्हणजे नाही,” बाबा म्हणाले आणि पुन्हा बूट पुसायला लागले.

चिमीने संमतीपत्र त्यांच्या गुडघ्यावर ठेवलं. त्यांनी ते उचलून शेजारच्या स्टुलावर ठेवलं. तिने ते परत गुडघ्यावर ठेवलं.

“सहाच महिने आहेत, बाबा. शिकाऊ म्हणून घेतायत. अख्ख्या वर्गातून फक्त माझी निवड झालीय.”

“सहा महिने परक्या देशात, एकटी. काही झालं तर तिथे कोण आहे तुझं?”

चिमी कृत्रिम पाय बनवायला शिकत होती. तिसरं वर्ष चालू होतं. जिथून तिला बोलावणं आलं होतं तिथे धावपटूंचे पाय बनत, आणि त्या एका जागेसाठी तिने वर्षभर नाकातोंडात प्लास्टरची भुकटी जाऊ दिली होती. उद्या, शुक्रवारी, एक वाजेपर्यंत कागद गेला नाही तर ती जागा दुसऱ्या मुलीला मिळणार होती.

नकाराचं तिला नवल नव्हतं. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे, आणि जगातली प्रत्येक वस्तू कधी ना कधी तुटून खाली येणार, अशी त्यांची पक्की समजूत होती. सायकल घ्यायची? नाही. पोहायला जायचं? नाही. हा कोर्स? अजिबात नाही.

पण घरात एक पद्धत पडून गेली होती. चिमी कागद आईकडे द्यायची, बाबा आकांडतांडव करायचे, आणि दोन दिवसांनी सही झालेला कागद मुकाट तिच्या पुस्तकात येऊन पडायचा. कोर्सला प्रवेश मिळाला तेव्हा तर बाबा आठवडाभर कुणाशी बोलले नव्हते. स्वतःच सही करून स्वतःच रुसून बसणारा माणूस तिने दुसरा पाहिला नव्हता.

या वेळी मात्र तेवढ्याने भागणार नव्हतं. परदेशी जाणाऱ्यांसाठी नियम वेगळा होता. पालकाने स्वतः कॉलेजात यायचं आणि कारकुनासमोर सही करायची.

“माझ्या ‘नाही’ला या घरात काडीची किंमत नाही,” बाबा म्हणाले. “कधी होती?”

चिमीचं डोकं सणकलं. आपलंच म्हणणं शेवटी सोडून द्यायचं आणि वर बिचारं व्हायचं. ती ताडकन उठून स्वयंपाकघरात गेली. आई ताटं पुसत होती.

“तू सांग ना त्यांना.”

“दुसरा काही मार्ग नाही का?” आईने विचारलं. “कागद घरी आणून, नेहमीसारखा?”

“नाही. त्यांनाच यावं लागेल.”

“मग त्यांना नको नेऊस गं तिकडे.”

चिमी तिच्याकडे बघतच राहिली.

“म्हणजे तुलाही मी गेलेली नकोय.”

“तसं नाही.”

“मग कसं? जन्मभर त्यांच्यापुढे मिठाची गुळणी धरून बसलीस. माझ्यासाठी कधी एकदा तरी उभी राहिलीस? ते निदान तोंडावर नाही म्हणतात आणि नंतर सही तरी करतात. तू काय केलंस?”

आईने पुसलेलं ताट पुन्हा पुसलं.

“काही नाही,” ती म्हणाली.

तेवढ्याने चिमी आणखी पेटली. दार आपटून ती बाहेर पडली आणि चार रस्ते तशीच तरातरा चालली. इतका संताप तिला बाबांचाही कधी आला नव्हता. बाबा भिंत होते, भिंतीशी भांडता तरी येतं. आईशी काय भांडायचं?

ती परतली तेव्हा बाबा चष्मा लावून संमतीपत्र वाचत होते. पुढून वाचलं, उलटून मागून वाचलं.

“निदान या वेळी सही माझ्याकडे मागितली तरी,” ते पुटपुटले. चिमीला तो टोमणा वाटला.

सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते.

“चल. बघू कुठे सही करायचीय.”

“तुमची ड्यूटी आहे ना?” आई लगबगीने बाहेर आली.

“रजा टाकलीय.”

“गुडघा दुखतोय म्हणत होतात. तिथे जिने असतील.”

“असू देत.”

आईने पायात चपला सरकवल्या. “मग मीही येते.”

“तू कशाला?” चिमी म्हणाली. आयत्या वेळी सगळ्यावर पाणी फिरवायला, हे ती मनात म्हणाली. बसमध्ये ती आईच्या शेजारीसुद्धा बसली नाही.

कॉलेजात रांग होती. त्यांचा नंबर लागला तेव्हा एकला वीस मिनिटं कमी होती. बाबांनी कामावरचं ओळखपत्र दाखवलं. कारकुनाने फोटो पाहिला, चेहरा पाहिला आणि पेन पुढे केलं. बाबांनी एकेक अक्षर लावून, दाबून सही केली. चिमीचा त्यांच्यावरचा राग तिथल्या तिथे विरघळला.

कारकुनाने फाईल उघडली आणि कागदाला कागद लावला.

“जुळत नाही.”

“काय जुळत नाही?” चिमीने विचारलं.

“सही. तीन वर्षांत वडिलांच्या नऊ सह्या आल्यात. ही तशी नाही. जुळल्याशिवाय कागद पुढे जाणार नाही.”

बाबांनी फाईल स्वतःकडे ओढली. प्रवेशाचा अर्ज, मशिनवर काम करायची परवानगी, अभ्याससहल, रुग्णालयातलं प्रशिक्षण. एकेक पान त्यांनी सावकाश उलटलं. त्यांचे कान लाल झाले.

“यातली एकही माझी नाही,” ते म्हणाले.

कारकुनाने चिमीकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं.

“मी नाही केल्या,” चिमी म्हणाली. “शप्पथ, मी नाही.”

एकला आठ मिनिटं उरली.

आई पुढे झाली. तिने कारकुनाकडून कोरं संमतीपत्र मागून घेतलं, बाबांच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि जराही न अडखळता एका झटक्यात बाबांची सही केली.

“आता लावून बघा,” ती म्हणाली.