मागच्याचा शब्द

"तुमच्या भरवशावर वळले हो मी!" बाई म्हणाल्या आणि मोडका आरसा त्यांनी गॅरेजच्या टेबलावर ठेवला.

डावा इंडिकेटर लावून त्या वळल्या होत्या. मागून येणाऱ्या टेम्पोला तो दिसला नाही, कारण तो लागलाच नव्हता. आरशावर निभावलं म्हणायचं. तोच इंडिकेटर गेल्याच आठवड्यात याच गॅरेजात दुरुस्त झाला होता.

गॅरेज चालवणाऱ्या दोघा भावांतल्या धाकट्याची मान खाली गेली. वडिलांनी हयात घालवून नाव कमावलेलं गॅरेज, आणि गिऱ्हाईक असं मोडका आरसा घेऊन दारात आलेलं. तेही चार माणसांदेखत. बाकड्यावर टॅक्सीवाला आपल्या पाळीची वाट बघत बसला होता. शेजारचा पंक्चरवालाही चहाचा कप घेऊन आलेला होता. दिवसभर हवा भरतो म्हणून त्याला सगळे हवालदार म्हणत. एखाद्याची फजिती व्हायची असली की हा हमखास हजर.

बाईंचा आवाज ऐकून थोरला भाऊ आतून आला. "बसा ना बाई, उभ्या का?" म्हणत त्याने स्टूल दाखवलं. स्टुलावर बॅटरी ठेवलेली होती. टॅक्सीवाला फिस्सकन हसला. धाकट्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दादाचं हल्ली कशात म्हणून लक्ष नसायचं.

वडिलांच्या वेळेपासून गॅरेजची एक रीत होती. इंडिकेटर तपासायला माणसं दोन. एकाने आत बसून लावायचा, दुसऱ्याने मागे उभं राहून 'लागला' म्हणून ओरडायचं. मागच्याचा शब्द शेवटचा. तो 'लागला' म्हणाला की गाडी सुटली. पूर्वी आत दादा असायचा, वायरींच्या जंजाळात मुंडकं खुपसून. पण अलीकडे 'बारीक काम तुझं' म्हणत त्याने मागची जागा धरली होती. थोरलेपण अंगात आलंय, असं धाकट्याला वाटे. मागे उभा राहूनही दादा बघत म्हणून नसे. तोंड भलतीकडे, आणि कान तेवढा टिकटिकीकडे. जुन्या गाड्यांत ते खपूनही जाई. त्यांचा बल्ब गेला की टिकटिक घाईला येते; जाणत्या माणसाला ती ऐकूनच कळतं. पण या गाडीत टिकटिक करणारा रिले नव्या तऱ्हेचा होता. बल्ब लागो न लागो, त्याची टिकटिक एकाच चालीने चालायची. धाकट्याने हे दादाला समजावलं होतं. दादा 'बरं बरं' म्हणाला होता. तरी त्याच्या 'लागला'वर ही गाडी सुटली होतीच.

धाकट्याने मागच्या दिव्याची काच काढली. होल्डरमध्ये गंज धरला होता. बल्ब कधी लागे, कधी नाही. त्याने गंज खरवडला, पट्टी जरा वाकवून घट्ट केली, आत जाऊन इंडिकेटर लावला आणि स्वतः मागे येऊन खात्री केली. काम खरं तर तिथेच संपलं होतं. पण बाईंचं ते वाक्य त्याच्या डोक्यातून जाईना. चूक कुणाची, हे चारचौघांना कळलंच पाहिजे, असं त्याने मनाशी ठरवलं.

गाडी बंद करून त्याने किल्ली खिशात टाकली. दार उघडंच ठेवून तो सीटवर बसला.

"दादा, मागे ये. डावा लावतोय."

दादा आला. चाचपत त्याने डिकीवर हात टेकला. धाकट्याने बटणाला हातही लावला नाही. त्याने नखाने डॅशबोर्डवर ठेका धरला. टिक, टिक, टिक.

"लागला!" दादा ओरडला. "एकदम झकास लागला!"

"कशाचा लागला?" धाकट्याने किल्ली खिडकीबाहेर काढून खुळखुळवली. "किल्ली माझ्याकडे आहे. नखाने वाजवतोय मी! डोळे काय घरी ठेवून आलास?"

हवालदाराच्या हातातला चहा हिंदकळला. "अरे, नखावर चालणारी गाडी!" म्हणत तो खो खो हसत सुटला. टॅक्सीवाल्याने बाकड्यावर थाप मारली. रागावलेल्या बाईंनासुद्धा हसू आवरेना. धाकट्याला बरं वाटलं. त्या हसण्याच्या गलक्यातच तो उतरला आणि दादाशेजारी जाऊन उभा राहिला. दादाचा पडलेला चेहरा त्याला जवळून बघायचा होता.

चेहरा पडलेलाच होता. पण दादा वळला नाही. खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ भाऊ उभा, आणि दादा आपला डिकीवर हात ठेवून समोरच तोंड करून राहिला. एकेकाचं हसू थांबलं. हवालदाराने कप खाली ठेवला.

धाकट्याने हातातली किल्ली वाजू नये म्हणून मुठीत दाबली. धरणीने पोटात घ्यावं, असं त्याला झालं.

दादा जरा पुढे वाकला.

"रागावू नकोस रे," तो ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटला म्हणाला. "पुन्हा एकदा लाव. या खेपेला नीट बघतो."