मेंबरांना विचारलं का?

"एका मेलबर्नमध्ये नऊ क्लब! हवेत कशाला?" अंकुरने टेबलावर हात आपटला. "दोन एकत्र करा, एक उचला आणि टास्मानियाला पाठवा. नवी टीम उभी करायची कटकट वाचेल."

"उचला आणि पाठवा! क्लब आहे का फ्रिज?" सारंग उसळला.

टीव्हीवर ऑस्ट्रेलियन फुटबॉलची मॅच चालली होती, पण दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं. एकेकाळी दोघं मेलबर्नला बरोबर शिकले, आता सिंगापुरात, तांजोंग पगारला एकाच बँकेत होते. शनिवारी दुपारी अंकुर सारंगच्या तोआ पायोहमधल्या या फ्लॅटवर यायचा. खालच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉलवरून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणायचा आणि भांडायचा.

सारंगचे वडील निशिकांत खिडकीजवळ बसले होते. सारंग त्यांना नाना म्हणायचा. जन्मभर शाळेत शिकवलेला माणूस, आताही दहा वर्षांच्या नातीला, आर्याला अपूर्णांक समजावत होता. पोळीचे तुकडे करून दाखवत होता.

पुढच्या महिन्यात सारंगची बदली मेलबर्नला होत होती. सारंग, त्याची बायको राधिका आणि आर्या तिकडे जाणार होते. नाना पुण्याला, लेकीकडे, विनीताकडे. नानांचा इथे राहायचा पास सारंगच्या नोकरीवर, त्यामुळे सिंगापुरात एकट्याने राहायचा प्रश्नच नव्हता. विनीताने त्यांच्यासाठी खोली रंगवून घेतली होती. फोटोही पाठवला होता. नानांनी तो पाहिला आणि "छान" म्हणाले. त्या दिवसापासून त्यांना काही वाटेनासं झालं होतं. फार वेळ मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो, चिमटा काढला तरी कळत नाही, तसं. जेवण जात होतं. झोप लागत होती. फक्त आर्या हसली की आपणही हसायचं असतं, हे त्यांना आठवावं लागत होतं.

"मी ज्या म्हाताऱ्याकडे भाड्याने राहायचो ना," सारंग सांगत होता, "तो फिट्झरॉय क्लबचा मेंबर. शहाण्णव साली त्याचा क्लब ब्रिस्बेनमध्ये विलीन केला. बोधचिन्हातला सिंह तिकडे नेला, रंग तिकडे नेले. म्हातारा राहिला तिथेच. त्याला विचारलं कुणी?"

"क्लब बुडत होता रे. न्यायचा नाही तर काय पुजायचा?"

"त्याच वर्षी हॉथॉर्न आणि मेलबर्न हे दोन क्लब एकत्र करायला निघाले होते. तिथे मेंबरांचं मत घेतलं. हॉथॉर्नवाले म्हणाले, नाही. संपलं! क्लब अजून उभा आहे. माझं म्हणणं एवढंच, की न्या, मोडा, काय वाटेल ते करा. पण आधी मेंबरांना विचारा."

"आजोबा, मेंबर म्हणजे कोण?" आर्याने हळूच विचारलं.

नानांनी पोळीचा तुकडा खाली ठेवला. मुलाने प्रश्न विचारला की हातातलं काम थांबवायचं, ही त्यांची जुनी सवय. "जो त्यातलाच असतो, तो. तो नसला तर ते पुरं होत नाही. म्हणून त्याचं मत घ्यायचं."

आर्याने पेन्सिल चावली. मग मान वळवून शाळेतल्या सिंगापुरी ढंगात म्हणाली, "बाबा, मग आपण मूव्ह होतोय, तर आजोबांना विचारलं? आजोबा ऑल्सो मेंबर व्हॉट!"

अंकुर हसला आणि मध्येच थांबला. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. राधिका दारात येऊन उभी राहिली.

"विचारलं होतं गं," सारंग म्हणाला. त्याने वडिलांकडे पाहिलं. "नाना, विचारलं होतं ना मी? तुम्हीच नको म्हणालात."

खरं होतं ते. बदलीचं कळलं त्या संध्याकाळी सारंगने विचारलं होतं, "नाना, आमच्याबरोबर येता?" आणि नाना म्हणाले होते, "नको रे, मी कशाला तिथे?" पंगतीत पानावर हात आडवा धरून नको म्हणतात, तसं. वाढणाऱ्याने तो हात बाजूला सारून लाडू वाढायचाच असतो. नको म्हणणाऱ्यालाही तो हवाच असतो. सारंगने मात्र "बरं" म्हटलं आणि बहिणीला फोन लावला.

सारंगने रिमोट घेऊन टीव्हीचा आवाज बंद केला. खुर्ची पुढे ओढली.

"नाना, आज परत विचारतो. चला आमच्याबरोबर. व्हिसाचं मी बघतो. येता का?"

आर्या डोळे मोठे करून आजोबांकडे बघत होती. किती दिवसांनी नानांच्या छातीत काहीतरी हललं. हो म्हणायचं, की झालं. त्यांनी तोंड उघडलं.

"नको रे," ते म्हणाले. "मी कशाला तिथे? उगाच तुम्हाला अडचण."

"नक्की?"

"नक्की."

सारंगने खुर्ची मागे सरकवली. मग त्याने मान हलवली. "बघ आर्या, विचारलं." त्याने आवाज पुन्हा सुरू केला. राधिका आत गेली.

नाना पाहत राहिले. आता तो खुर्ची जवळ ओढेल, रागावेल, म्हणेल, "ते काही नाही, चलायचंच तुम्ही!" सारंग मॅच बघत होता. समोरचा नको म्हणाला की ते खरं मानायचं, पुन्हा पुन्हा विचारून त्याला भिडेत पाडायचं नाही, हे त्याला लहानपणी नानांनीच शिकवलं होतं.