मदतीचा तांदूळ

मागच्या वादळात समार बेटावरच्या आमच्या गावाचं सगळं वाहून गेलं. मदतीचा तांदूळ दुसऱ्याच दिवशी नगरपालिकेत आला, पण आठवडाभर कुलपातच पडून राहिला. उंदीर खात होते आणि आम्ही खिडकीतून बघत होतो. खायला उरलेली उकडलेली कच्ची केळी गिळवेनात, म्हणून शेजारच्या अनिसेताचे म्हातारे वडील उपाशीच गेले.

त्यानंतर नगरपालिकेतले अबुंदियोसाहेब मनिलाला जाऊन लोकप्रशासनात एम.ए. करून आले. 'मदत वेळेवर का पोचत नाही' हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय. आम्हाला वाटलं, चला, कुणाला तरी लाज वाटली.

यंदा वादळ ओसरलं आणि दुसऱ्या सकाळी तांदूळ दारात, साहेब स्वतः घेऊन आलेले! अनिसेताचे डोळे भरून आले.

"साहेब, तुमच्या शिक्षणाचं चीज झालं बघा. पण मागच्या वेळी नेमकं अडलं कुठं होतं हो?"

साहेब खुलले. तिच्या हातातल्या पिशवीवर नगराध्यक्षांचा हसरा फोटो होता. त्यावरून त्यांनी कौतुकानं हात फिरवला.

"अगं, या पिशव्या छापून यायच्या होत्या ना! आता आम्ही वादळाआधीच छापून ठेवतो."