रशियन रायफलचा दस्ता

माँटानातल्या निवृत्त वेल्डर हार्लनने रशियन लष्कराची जुनी रायफल स्वस्तात आणली, तीही ग्रीसने बरबटलेली.

"कुंपणाला खांब झाला," बायको डार्लीन हसली.

हार्लनने हिवाळाभर नळी घासली, लाकडी दस्त्याला जवसाचं तेल चोळलं.

वसंतात नेमबाजीच्या मैदानावर त्याने पाच गोळ्या झाडल्या. पाचही मधोमध! छाती फुगवून त्याने रायफल मित्राच्या, वेंडेलच्या हाती दिली. "आता तू मार."

वेंडेलने दस्त्याला गाल टेकवला आणि झटक्यात मागे घेतला.

"हार्लन, दाढी टोचली रे! लाकडाच्या आतून कुणीतरी माझ्या गालाला गाल टेकवला."

"मलाही टोचली," हार्लन अभिमानाने म्हणाला. "त्या रशियन शिपायाचा नेम धरून होईपर्यंत अजिबात हलू नकोस."