लाल पुठ्ठा

१९८३ साली वाशीतल्या एका नव्या बालवाडीने तुर्भ्याच्या दगडखाणीवरचे एखादे मूल घेण्याचे औदार्य दाखवले. अट एवढीच, की ते चाचणीत उत्तीर्ण व्हावे. ‘परिसर आणि बालविकास’ या विषयात डॉक्टरेट मिळवलेल्या चारुलताबाई त्यासाठी जातीने खाणीवर आल्या. रांगत्या भावाला सांभाळत चार वर्षांची गौतमी समोर बसली. चित्रातला पियानो तिला ओळखता आला नाही. मग बाईंनी लाल पुठ्ठा उंच धरला.

“बाळ, हा कोणता रंग?”

गौतमीने भावाला काखोटीला मारले आणि ती थेट मोठ्या दगडाआड पळाली.

बाईंनी लिहिले : ‘रंगज्ञान नाही. चित्त अस्थिर. प्रवेशास अपात्र.’

“अवो म्याडम, तसं लिवू नगा!” खडीची पाटी टाकून तिची आई बायजाबाई धावत आली. “सुरुंग उडवायच्या आदी हितं लाल निशान दावत्यात. ते दिसलं की भावाला उचलून दगडाआड पळायचं, म्याच शिकिवलंय तिला. एकदाबी चुकली न्हाई पोर.”

चारुलताबाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि शेऱ्यात एका वाक्याची भर घातली : ‘आई विषयांतर करते.’