थंड गाडीचा दुसरा गिअर

"हिचा दुसरा गिअरच पडत नाही, आत्या," माझा भाचा निरंजन गाडीतून उतरत म्हणाला. "संपली ही. आता संग्रहालयातच शोभेल. ट्रक आलाय न्यायला."

ही म्हणजे माझी लाल इटालियन गाडी, बहात्तर सालची. शेजारी त्याची नवी जर्मन गाडी उभी होती. ती गिअर स्वतःच बदलते, तीन सेकंदांत शंभरचा वेग गाठते, आणि कुणीही बसलं तरी सारखीच पळते.

माझी तशी नाही. ह्यांनी मला ती शिकवली, तेव्हा पहिला धडाच हा दिला होता: गिअरबॉक्समधलं तेल तापेपर्यंत दुसऱ्या गिअरच्या वाटेला जायचं नाही, पहिल्यावरून सरळ तिसरा टाकायचा. निरंजनने सकाळच्या गारठ्यात दांडा रेटून नुसता करकराट केला होता.

"किल्ली दे."

"आत्या, अठ्ठ्याहत्तर वय आहे तुझं!"

"ती पन्नाशीतलीच आहे. घेईल सांभाळून मला."

मी पहिला टाकला, मग तिसरा. गाडी जरा कण्हली आणि निघाली. ट्रकवाल्याने चढवायला फळ्या लावल्या होत्या, त्यांना वळसा घालून मी फाटकाबाहेर पडले. घाट लागेपर्यंत तेल तापलं आणि दुसरा गिअर अलगद पडला.

तेवढ्यात जर्मन गाडी शेजारी आली. निरंजन काच खाली करून ओरडला, "आत्या, ब्रेक तरी लागतात का हिचे?"

"थांबावंसं वाटलं की बघेन!"