दहाव्याला गिटार

कावळा शिवेना.

दौंडला भीमेच्या काठावर म्हस्कूआबांच्या दहाव्याचा पिंड ठेवून बराच वेळ झाला होता. कावळे बाभळीवर बसून होते. मुलगा रविराज म्हणाला, "आबा, आईला संभाळतो." कावळे गप्प. "वावर वाटून घेणार न्हाई." एका कावळ्यानं पंख खाजवला.

मग सगळ्यांनी जावयाकडं पाहिलं.

क्लाइड शिकागोचा. ब्लूज गायचा. शहाण्णव साली पुण्यात कार्यक्रमाला आला, सुषमा नर्सच्या प्रेमात पडला आणि लग्न करून सासऱ्याच्याच घरी राहिला. तेव्हापासून रोज संध्याकाळी ओट्यावर गिटार आणि रडका आवाज. प्रत्येक गाण्यात बायको सोडून जायची. सुषमा शेजारी बसून शेंगा फोडायची. भावकीला ते सहन होत नव्हतं, पण जावयाला 'गप बसा' कोण म्हणणार? म्हणून गाणं मधेच थांबवायला सत्कार करायचे. टॉवेल, टोपी, नारळ. क्लाइडला वाटायचं, करिअर जोरात आहे.

चुलते चांगदेव आठ वर्षं या संधीची वाट बघत होते. हात जोडून म्हणाले, "जावईबापू, आबांना तुमच्या गाण्याचा लई तरास व्हायचा. एकदा म्हणा, गाणार न्हाई."

क्लाइडच्या डोळ्यांपुढून सगळे टॉवेल सरकले. "मामा," तो पिंडाला म्हणाला, "पुन्हा न्हाई गाणार."

भावकीनं बाभळीकडं पाहिलं. कावळे उठले आणि नदीपलीकडं निघून गेले.

"आरं मेल्यांनो!" सासू अनसाबाई कडाडली. "आमचं ह्ये रोज जावयाचं गाणं संपल्याबिगर जेवत नव्हते. कावळ्यांनाबी भाकरी तवाच टाकायचे. पर सासऱ्यानं जावयाचं कौतुक तोंडावर करायचं व्हय? सुषे, जीपमधनं गिटार आण!"

क्लाइड गायला. गाण्यात बायको सोडून गेली. सुषमानं पदरानं डोळे पुसले. शेवटची तार थांबली आणि नदीपलीकडून कावळ्यांचा थवाच्या थवा आला. पिंड क्षणात साफ.

चांगदेव टोपी काढून जवळ आले. आवाज एकदम खाली.

"जावईबापू, बेस्तरवारी शिरूरला आमच्या व्याह्यांचा दहावा हाय. तिकडचे कावळे लई आडमुठे. याल का?"

क्लाइडनं नाक पुसलं आणि आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या कलाकारासारखं उत्तर दिलं.

"तारखा बघून सांगतो."